अक्षरं मोठी करत गेलो

करोनात वडलांची नजर गेली, असं मी लोकांना सांगतो. लोक मान हलवतात. त्या वर्षात प्रत्येकाचं काही ना काही गेलेलं असतं, त्यामुळं पुढं कुणी खोदून विचारत नाही. दवाखाने बंद, गाड्या बंद, पास काढायचा, म्हातारं माणूस न्यायचं तरी कुठं, हे सगळं लोकच माझ्या वतीनं बोलून टाकतात आणि मी ऐकून घेतो. वडलांना करोना झालाच नव्हता, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. दवाखाने किती दिवस बंद होते आणि कधी उघडले, हेही आता कुणाला आठवत नाही. मला आठवतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळा घनसावंगीकडं, भाड्याचं घर अंबडला, आणि आमचं गाव या दोन्हींच्या मधी, फाट्यावरून आत चालत अर्धा तास. टाळेबंदी लागली तसं बायकोला आणि मुलीला घेऊन गावी आलो. दोन खोल्यांत कोंडून बसण्यापेक्षा गावाकडं अंगण तरी होतं. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात वडील एकटेच राहायचे, हातानं करून खायचे. त्यांना आम्ही सगळेच नाना म्हणतो. सून तेवढी मामा म्हणते.

नाना पंचायत समितीत शिपाई होते. आमच्या घराण्यात पहिली पाटी त्यांच्या हातात आली. साहेब यायच्या आधी आलेले सगळे पेपर वाचून, घडी मोडलेली दिसू नये अशी परत घालून टेबलावर ठेवायचे. निवृत्त झाल्यावर अंबडच्या वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणायचे, बसनं जाऊन बसनं येऊन. साखरेची बिमारी होती, गोळ्या चालू होत्या, पण त्याचं त्यांनी कधी कौतुक केलं नाही.

गावात त्यांचं खरं काम वेगळं होतं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या विहारात रोज दिवेलागणीला ग्रंथ वाचतात. कुठला ग्रंथ हे आमच्यात सांगावं लागत नाही, नुसतं ग्रंथ म्हटलं की कळतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बाया भाकरी उरकून येतात, माणसं रानातून आल्यावर हातपाय धुऊन येतात. वाचणारे वीस-बावीस वर्षं नानाच होते. त्यांचा नियम होता, आरंभ ज्यानं केला त्यानंच शेवट करायचा. एकदा थंडीताप आल्ता तर घोंगडं पांघरून वाचलं, पण दुसऱ्याच्या हातात ग्रंथ दिला नाही.

टाळेबंदीत आम्हा शिक्षकांना काम असं एकच उरलं होतं, लिंक पाठवायची. सकाळी वरून लिंका यायच्या, आम्ही त्या पालकांच्या ग्रुपवर ढकलायचो. फुकटात वाचायच्या चित्रांच्या गोष्टी, ऐकायच्या गोष्टी, कागदाची टोपी, डाळी चिकटवून मोर, पानांचे ठसे. रविवारी प्रश्नमंजुषा. दहा प्रश्न सोडवले की तिथल्या तिथं नावासकट रंगीत प्रमाणपत्र. त्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात प्रमाणपत्र नसलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. माझ्या मुलीला सात मिळाली, बायकोला पाककृतीचं एक. नाना म्हणाले, "मला बी काढून दे की एखांदं. सबंध नौकरीत एक भेटलं न्हाई."

मी काढून दिलं. पर्यावरणाची प्रश्नमंजुषा होती. त्यांना दहापैकी नऊ आले.

इथं एक सांगितलं पाहिजे. मी काही नावाजलेला मास्तर नाही. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझं नाव कुणी माईकवरून घेतलेलं नाही. पण या लिंका, फॉर्म, ऑनलाइन बैठका मला जमायला लागल्या. माझ्याहून तरणे शिक्षक फोन करून विचारायचे, सर हे कसं करायचं. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या बैठकीत साहेब म्हणाले, सरांचं बघून शिका. मला ते गोड लागलं. इतकं गोड लागलं की मी अजून तो दिवस सांगू शकतो.

नानांचं वाचनालय बंद पडल्तं. मग मी मुलीच्या टॅबवर त्यांना फुकटची पुस्तकं उतरवून दिली. प्रवासाची, चरित्रं, जुने दिवाळी अंक. नाना हरखले. त्याच्या थोडं आधीपासून ते म्हणत होते की छापलेली अक्षरं पाण्यात पडल्यावानी दिसायलीत. मी टॅबवर अक्षर मोठं करून दाखवलं.

"दिसलं का आता?"

"बराबर दिसलं," नाना म्हणाले. "हे बेस झालं. चष्म्याचा खर्चा वाचला."

आम्ही सगळे हसलो. इथवर माझा गुन्हा नाही. इथवरचं मी कुणालाही सांगू शकतो, आणि सांगतोही.

आषाढ जवळ आला. विहाराला कुलूप होतं, चार माणसं जमवायला बंदी. नाना दोन दिवस बोलेनात. मीच म्हणालो, फोनवर करू. तुम्ही घरून वाचा, ज्यानं त्यानं आपल्या घरी ऐकावं.

"समोर माणूस न्हाई, मंग वाचायचं कुणाला?"

"सगळे असतील नाना. मुंबई-पुण्याला गेलेले पण असतील."

"ते कव्हा आल्ते विहारात?"

पण त्यांना पटलं. दुसरा काही उपायच नव्हता. ग्रंथही फुकटात मिळाला, टॅबवर उतरवून घेतला. त्यातला मजकूर मी अशा फाईलीत घेतला की अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता यावं आणि ओळ पानाबाहेर जाऊ नये. अक्षराच्या मापाला आकडा असतो. आमची सुरुवात वीसच्या आकड्यानं झाली.

पौर्णिमेला अंगणाकडच्या खोलीत पांढरी चादर टाकली, मेणबत्ती लावली. नाना धुतलेले कपडे घालून बसले. समोर पाटावर टॅब, बाजूला तांब्याला टेकवून माझा फोन. फोनवर लोक जोडलेले. मी शेजारी बसून एकेकाचा आवाज बंद करायचो, कारण कुणाच्या घरात कुकरची शिट्टी, कुणाचं भांडण, कुणाची म्हैस. नानांची थोरली बहीण, माझी आत्या, मंठ्याला असते. तिला अक्षर येत नाही, पण ग्रंथ ऐकून ऐकून कानात बसलेला. तिच्या सुनेनं फोन लावून दिला.

"नाना, मला दिसायलास रं तू," आत्या म्हणाली. "लई वाळलास."

"तू जरा फोन लांब धर. मला तुझं नुसतं नाक दिसायलंय."

पंधरा-वीस घरं होती पहिल्या दिवशी. आठवड्यात साठ झाली. पुणे, नाशिक, सुरत, जिथं जिथं गावची माणसं कंपनीत गेलेली, तिथून. वाचन संपलं की जयभीम घालायला सगळ्यांचे आवाज मी उघडायचो, तेव्हा एकच गलका व्हायचा. लोक मला फोन करून सांगायचे, सर, तुमच्यामुळं गाव भेटतं.

दुसऱ्या आठवड्यात आकडा अठ्ठावीस केला. नाना म्हणाले, जरा वाढव. मी वाढवला. श्रावण लागला तेव्हा छत्तीस. त्यांनी मागितला की मी वाढवायचो, विचारायचो नाही. कागदाचं पुस्तक असतं तर एक दिवस असा आला असता की नानांनी ते मिटून ठेवलं असतं आणि म्हटलं असतं, न्हाई दिसत. तो दिवस टॅबनं येऊ दिला नाही. दर वेळी थोडं मोठं अक्षर होतंच पुढं.

बायकोच्या ध्यानात माझ्या आधी आलं. ती घरातलं बघत होती, मी टॅबमधलं.

"मामाला डाळीतले खडे दिसंनात," ती म्हणाली. "काल निवडून दिलेल्या डाळीत मला चार भेटले. चहा बशीत वतताना बशीच्या भाईर गेला."

"वय झालं आता."

"वय येका महिन्यात व्हतं का? जालन्याला दाखवून आणा की. डोळ्याचे दवाखाने उघडले म्हणं."

"दवाखान्यात जाऊन काय आणायचं? करोना?"

या वाक्यापुढं त्या दिवसांत कुणीही गप्प बसायचं. मी ते नंतर बऱ्याचदा वापरलं.

आता जे सांगायचं आहे ते पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातलं. आकडा अठ्ठेचाळीस झाला होता. एका पडद्यावर जेमतेम सात-आठ ओळी मावायच्या. पानं मीच सरकवून द्यायचो. त्या दिवशी फोनवर कुणाचा तरी आवाज मधी येत होता, म्हणून माझं लक्ष फोनात होतं. नानांचं वाचन चालू होतं, चांगलं खणखणीत. आवाज बंद करून मी वळून पाहिलं तर टॅबचा पडदा काळा. बराच वेळ कुणी हात लावला नाही की तो आपोआप बंद होतो, तसा झालेला. आणि नाना वाचत होते. बोट पडद्यावर, ओळीवरून फिरवावं तसं डावीकडून उजवीकडं चाललेलं, मान बोटासोबत हलतेय, आणि तोंडातून ग्रंथ एकसारखा चाललेला.

मी बघत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. एक परिच्छेद असेल, दोन असतील. उजेड गेल्याचं त्यांना कळलं असणार, तेवढं तर दिसतच होतं. पण थांबलं तर साठ घरांना कळलं असतं.

मी हात पुढं करून पडदा चेपला. उजेड आला. नानांनी माझ्याकडं पाहिलं नाही, बोटही थांबवलं नाही. पडद्यावर दुसराच मजकूर होता. ते त्याच्या दोन पानं पुढं गेले होते.

वाचन संपल्यावर आत्यानं विचारलं, "नाना, आज मधलं सोडलंस का रं? भिक्खू येतेत ते आलंच न्हाई."

नाना काही बोलायच्या आत मी म्हणालो, "नेट गेल्तं आत्या. आवाज तुटला मधी."

"असं व्हय. मंग बराबर."

त्या दिवशी मी दोन कामं केली. आत्याला हे खोटं सांगितलं. आणि नाना जेवायला उठल्यावर टॅबच्या सेटिंगमध्ये जाऊन पडदा आपोआप बंद होऊ नये असं करून ठेवलं. त्यानंतर तो कधी काळा पडला नाही. मी गेली पाच वर्षं ज्या गोष्टीभोवती फिरतो आहे ती ही. बापाला दिसत नाही हे मला कळलं, आणि मी टॅब दुरुस्त केला.

का, ते लिहितो.

शिक्षकांसाठी नवोपक्रमाची स्पर्धा असते. आपण शाळेत काही नवीन केलं तर त्याचा अहवाल करून पाठवायचा. मी कधीच पाठवला नव्हता. त्या वर्षी मी विषय लिहिला, घरबसल्या वाचन, विद्यार्थी ते आजोबा. मुलांच्या लिंका, गोष्टी, टोप्या, मोर, आणि शेवटी आमचं ग्रंथवाचन. मला वाटत होतं की हे कुणाकडंच नसणार. नानांचे फोटो रोज काढत होतो. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच वाचक, सत्तरीचा, समोर टॅब घेतलेला. मधेच वाचक बदलला, किंवा महिन्यावरच बंद पडलं, तर अहवालात काय राहिलं असतं?

हे मी तेव्हा स्वतःशी अशा शब्दांत बोललो नव्हतो. स्वतःशी मी करोना म्हणत होतो, नानांचा नियम म्हणत होतो. आरंभ केला त्यांना शेवट करायचाय, मी मधी पडणारा कोण.

पण एक दिवस असा आला की या दोन्ही सबबी चालल्या नाहीत. पोळा होऊन चार दिवस झाले असतील. आमच्या शाळेतला एक सहकारी स्वतःच्या गाडीनं आईला घेऊन जालन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात निघाला होता. सकाळी फोन आला. सर, गाडीत दोन जागा हायेत, तुम्ही मागं म्हणल्ते नानांचं, आणा त्यांना फाट्यावर. नंबर मी लावून ठेवतो.

मी अंगणात होतो. नाना खाटेवर बसून तोंड धूत होते, तांब्या चाचपत. माझा आवाज त्यांना ऐकू जात होता. मी म्हणालो, "आज न्हाई जमणार सर. आता पौर्णिमेनंतरच बघू."

"पौर्णिमेला लई टाईम हाय सर."

"हो, पण आता वाचन चालूय."

फोन ठेवला. नाना म्हणाले, "कोण व्हतं?"

"शाळेचं काम."

त्यांनी मान हलवली आणि तोंड पुसलं.

भादव्यात आकडा बहात्तर झाला. एका पडद्यावर दोन-दोन शब्दांच्या चार ओळी. ग्रंथ कितीतरी हजार पानांचा झाला, आणि सरकवून सरकवून माझं बोट दुखायला लागलं. आता ते निव्वळ नाटक होतं, आणि ते आम्ही दोघं मिळून करत होतो. मी पानं सरकवायचो, ते न बघता म्हणायचे. चुकले तर मी हळूच पुढचा शब्द सांगायचो, परीक्षेत एखाद्याला सांगावा तसा. ते तो उचलायचे. याबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नाही. दुपारी ते आत भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि ओठ हलायचे. मुलगी म्हणायची, नाना स्वतःशीच बोलतात. ते पाठांतर करत होते. वीस-बावीस वर्षं तोंडात बसलेलं होतं, ते कुठून कुठं तुटतं तेवढं तपासून घ्यायचे.

आश्विनी पौर्णिमेला समारोप झाला. शंभराच्या वर घरं जोडलेली होती. नानांनी शेवटचा भाग वाचला, म्हणजे म्हटला, एकदाही न अडखळता. लोक रडले. पुण्याच्या एका इंजिनिअर मुलीनं सांगितलं की तिनं आयुष्यात पहिल्यांदा सबंध ग्रंथ ऐकला. आत्या म्हणाली, "जिता ऱ्हा रं माझ्या भावा." मी भरपूर फोटो काढले. अहवालाला त्यातला एक सगळ्यात वर लावला. तो अहवाल पुढं जिल्ह्यात निवडला गेला, मला प्रमाणपत्र आलं, खरं, सहीशिक्क्याचं. बायकोनं ते भिंतीला लावू का विचारलं. मी नको म्हणालो. तिला वाटलं विनय आहे.

पौर्णिमेच्या पाचव्या दिवशी जालन्याला गेलो.

डॉक्टर तरणे होते, तोंडाला दोन मास्क, वर काचेचं झाकण. थेंब टाकून बराच वेळ बघितलं. मग नानांना विचारलं, "बाबा, किती दिवसांपासून असं दिसतंय?"

"झाले असतील धा-पंधरा दिस," नाना म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "पंधरा दिवसच. त्याआधी वाचत होते ते. रोज वाचत होते."

"पंधरा दिवसांत असं होत नाही हो." ते चिडले नव्हते, थकलेले होते. त्यांनी कागदावर डोळा काढून दाखवला. साखरेमुळं आतल्या पडद्यावर सूज येते, रक्त उतरतं. वेळेत सुई आणि लेसर झालं तर बहुतेक वेळा थांबवता येतं. दोन महिने आधी आला असतात तर वाचण्यापुरतं तरी राखता आलं असतं, असं म्हणाले. "आता जे उरलंय तेवढं टिकवायचं बघू." औरंगाबादला जायला चिठ्ठी दिली.

मी बोटांवर मोजलं. दोन महिने म्हणजे पोळा.

औरंगाबादच्या फेऱ्या झाल्या. सुया झाल्या, लेसर झालं. डाव्या डोळ्याला आता उजेड-अंधार कळतो. उजव्यानं समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून. परतीच्या एका फेरीत नाना बसमध्ये म्हणाले, "लेसर लई झकपक असतंय. दिवाळीवानी." तेवढंच. पुढच्या वर्षी विहार उघडला तेव्हा लोकांनी विनवलं, नाना, तुम्हाला तर पाठ हाय, तुम्हीच म्हणा. ते म्हणाले, "ग्रंथ वाचायचा असतो. म्हणायचा न्हाई." एक शिकलेली सून आता वाचते. नाना मागं, खांबाला टेकून बसतात.

माझी शाळा, माझं अंबडचं घर पुन्हा सुरू झालं. नानांना आम्ही अंबडला आणलं, वर्षावासात अधूनमधून गावी नेतो. तिथं माझी मुलगी त्यांना पेपर वाचून दाखवते. मी संध्याकाळी घरी आलो की कधीमधी त्यांच्याजवळ बसायचो, पण मला ते कधी वाच म्हणाले नाहीत आणि मीही हातात पेपर घेतला नाही. माझ्या आवाजात अक्षर उच्चारायची मला भीती वाटायची. हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही, मी तर दिवसभर वर्गात मोठ्यानं वाचतो.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना सांगितलं. काही विशेष घडलं नव्हतं. दुपारची वेळ, लाईट गेली होती, बायको आणि मुलगी एका लग्नाला घनसावंगीला गेल्त्या. नाना खाटेवर आणि मी खाली फरशीवर. मी म्हणालो, "नाना, त्या साली मला पोळ्याच्या आधीच कळल्तं. तुम्हाला दिसंना ते."

नाना हातातल्या पंख्यानं वारा घेत राहिले.

"गाडी आल्ती जालन्याला जायला. मीच न्हाई म्हणलो. तुम्हाला सांगितलं, शाळेचं काम हाय म्हणून."

"आयकू आल्तं मला," नाना म्हणाले. "तू पौर्णिमा म्हणलास ते."

"मंग तुम्ही का बोलले न्हाई?"

त्यांनी हाताच्या पंख्यानं वारा घेणं थांबवलं. "मला वाटलं, तू भेतूस. लेकरूबाळ घरात. दवाखान्यातून मरण घरात आणायचं म्हणल्यावर कुणीबी भेईल. म्या म्हणलं, याच्यावर आपलं वझं कशाला टाका. डोळेच हायेत. म्हणून मंग म्या बी दिसू दिलं न्हाई."

मी तिथं थांबू शकलो असतो. त्यांनी पाच वर्षं माझ्यासाठी एक कारण जपून ठेवलं होतं, चांगलं, माणसाला शोभणारं. मी भित्रा होतो, पण पोरीसाठी भित्रा. ते तसंच राहू दिलं असतं तर आम्हा दोघांचं भागलं असतं. पण इतकं बोलल्यावर मला अर्धवट ठेवता येईना.

"भेत न्हवतो नाना. मला तो अहवाल पाठवायचा होता. स्पर्धेचा. तुमचे शेवटपर्यंतचे फोटो पाहिजे होते."

"कसला अहवाल?"

मी सांगितला. नवोपक्रम म्हणजे काय, तालुका, जिल्हा, प्रमाणपत्र. सांगताना मला ऐकू येत होतं की मी शाळेत समजावतो तसा समजावून सांगतोय, एकेक पायरी.

नाना खाटेची पट्टी चाचपत बसले.

"भेटलं का?"

"काय?"

"प्रमाणपत्र."

"भेटलं."

"हं." मग म्हणाले, "मला वाटलं व्हतं तू भेतूस."

हे वाक्य दुसऱ्यांदा म्हणाले ते माझ्याशी नाही. स्वतःशीच बोलले. जे इतकी वर्षं हातात धरून होते ते एकदा चाचपून बघावं तसं. मग कुशीवर वळले. लाईट आली, पंखा सुरू झाला, आणि ते म्हणाले, "त्यो जरा बारीक कर."

मला वाटत होतं, सांगितलं की काही तरी हलकं होईल. पुस्तकांत तसं होतं. इथं एवढंच झालं की त्यांच्याजवळ जे होतं तेही मी काढून घेतलं.

ते रागावले नाहीत. जेवताना बोलतात, गोळ्यांची वेळ विचारतात, माझ्या शाळेतलं विचारतात. फक्त तेव्हापासून माझ्याकडून हाताला धरून घेत नाहीत. मोरीपर्यंत भिंतीनं जातात. थेंब सुनेकडून टाकून घेतात, ती नसली तर नात येईपर्यंत थांबतात.

मागच्या महिन्यात औरंगाबादला तपासणीची तारीख होती. दर खेपेला मीच नेतो. रजा टाकलेली होती. आदल्या दिवशी ते सुनेला म्हणाले, "पोरी, उद्या तू चल माझ्यासंगं. ह्याला शाळा असंल." मी रजा आहे म्हणालो. ते म्हणाले, "असू दे, आराम कर."

मी स्टँडवर सोडायला गेलो. बस लागली, गर्दी होती. बायको पुढं चढून जागा धरायला गेली. नाना दारापाशी उभे राहिले, पहिली पायरी पायानं शोधत. मी दंडाला धरायला हात पुढं केला. त्यांनी तो चाचपला, मनगटापर्यंत आले, घड्याळाला हात लागला. मग हात सोडून त्यांनी दाराची दांडी शोधली आणि चढले. मागून एका बाईनं त्यांना आधार दिला, तो त्यांनी घेतला.

बस सुटेपर्यंत मी खाली उभा होतो. ते खिडकीशी बसले होते, तोंड माझ्याच बाजूला. मी आहे की गेलो हे त्यांना कळत नव्हतं. मला आवाज देता आला असता. मी दिला नाही.